जुन्या वळणाची बेस गिटार : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी अहिराणी गाण्यांच्या एका ऑर्केस्ट्रात गेली नऊ वर्षे बेस गिटार वाजवतो. आजवर ग्रुपच्या मालकीच्या वाद्यावर भागवले, आता स्वतःचे घ्यायचे आहे. मला १९६० च्या दशकातील जॅझ बेससारखी, सनबर्स्ट रंगाची आणि कासवाच्या पाठीसारखे तांबूस पिकगार्ड असलेली बेस हवी आहे. हाताशी सत्तर हजार रुपये आहेत. खरी जुनी शोधावी, जुन्या वळणाची नवी घ्यावी, की सुटे भाग मागवून जोडून घ्यावी? घेतल्यावर त्यात काय बदलावे? वाद्य जुने दिसावे म्हणून रंग घासून घेण्याचा सल्ला एका मित्राने दिला आहे, तो मानावा का?
— एक वादक, अमळनेर

उत्तर : खऱ्या जुन्या वाद्याचा विचार प्रथम मनातून काढून टाकावा. फेंडर कंपनीने प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आणि जॅझ बेस १९६० मध्ये बाजारात आणली. १९६५ च्या आरंभी ही कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने विकत घेतली, आणि त्यापूर्वीची वाद्ये संग्राहकांच्या हाती गेल्यामुळे त्यांच्या किमतीत आपल्याकडे शेत नसले तरी प्लॉट नक्की येतो. शिवाय त्या काळातील बहुतेक फिंगरबोर्ड, म्हणजे बोटे टेकवण्याच्या लाकडी पट्ट्या, ब्राझिलियन रोझवूडचे आहेत. हे लाकूड १९९२ पासून साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्याने असे वाद्य परवान्याशिवाय देशाची सीमा ओलांडू शकत नाही. स्वस्तात ‘ओरिजिनल सिक्स्टी टू’ (म्हणजे १९६२ ची) देतो असे कोणी म्हणत असेल, तर तो काय देतो आहे हे आपल्या लक्षात येईलच.

सुटे भाग जोडण्याचा मार्ग मोहक आहे, पण पहिल्या बेससाठी मी तो सुचवत नाही. नेक (दांडा) एका ठिकाणाहून आणि बॉडी (धड) दुसऱ्या ठिकाणाहून आली की नेकच्या खाचेत अर्धा मिलिमीटर फट राहते किंवा नेक किंचित तिरपी बसते, आणि मग पहिली तार फिंगरबोर्डच्या कडेवरून घसरू लागते. हे दुरुस्त करणारा माणूस अमळनेरहून दोन तासांच्या अंतरावर मिळणे कठीण असते. जुन्या वळणाची नवी बेस घ्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या रकमेच्या आवाक्यात फेंडरच्याच स्क्वायर या नावाखाली निघणारी क्लासिक व्हाइब मालिका पाहावी. तीत साठच्या दशकाच्या धर्तीची जॅझ बेस आहे, पिकअप, म्हणजे तारांची कंपने पकडून विजेत बदलणारे भाग, अल्निको चुंबकांची आहेत आणि नेकला पिवळसर चकाकी दिलेली आहे. तिच्या माहितीपत्रकात फिंगरबोर्डचे लाकूड ‘इंडियन लॉरेल’ असे लिहिलेले असते आणि ते वाचून पुष्कळ जण ते काही परदेशी लाकूड समजतात. ते आपले ऐन आहे. सातपुड्यात फिरलेल्या माणसाला त्याची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल चांगली ठाऊक असते.

मात्र पूर्ण रक्कम दुकानात देऊन येऊ नये. निदान दहा-बारा हजार रुपये तारा, कडक पेटी आणि सेटअपसाठी (वाद्य नीट जुळवून घेण्यासाठी) बाजूला ठेवावेत. मुंबईला जाणे होत असेल तर धोबी तलावावरील फुर्ताडोजसारख्या जुन्या दुकानात जाऊन एकाच मॉडेलची दोन-तीन वाद्ये हातात घेऊन पाहावीत, कारण एकाच मालिकेतील दोन बेसच्या वजनात अर्ध्या किलोचा फरक पडू शकतो आणि चार तास उभे राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला तो रात्री दोन वाजता कळतो. पट्टा गळ्यात घालून दोन्ही हात सोडून द्यावेत. नेकचे टोक जमिनीकडे झुकू लागले तर ती बेस आपली नव्हे.

विकत घेताना पाहायची मुख्य गोष्ट नेक ही आहे, आणि आपल्या भागात तर ती पहिली, दुसरी आणि तिसरी गोष्ट आहे. मागच्या मे महिन्यात चोपड्याकडची एक बेस माझ्या टेबलावर आली होती. दिसायला अगदी नवी, पण नेकच्या कडेवरून तळहात फिरवला तर करवतीवरून फिरवल्यासारखा लागत होता. लाकूड उन्हाळ्यात कोरडे पडून आक्रसले होते आणि फ्रेटच्या, म्हणजे फिंगरबोर्डवरील आडव्या पट्ट्यांच्या, धातूची टोके कडेबाहेर आली होती, कारण धातू लाकडासारखा आक्रसत नाही. बारीक कानशीने एकेक टोक तिरपे घासून, वर मऊ पॉलिशपेपर फिरवून ती बसवायला एक पूर्ण दुपार गेली. त्या बेसचा दोष एवढाच होता की ती घरातल्या कूलरच्या समोर स्टँडवर उभी असे. दिवसभर ओली हवा, कूलर बंद झाला की कोरडी झळ, असा खेळ रोज दोन वेळा झाला तर कोणतेही लाकूड कंटाळेल. पत्र्याच्या खोलीत आणि गाडीच्या टपावर तर वाद्य ठेवूच नये. ज्यांच्याकडे अजून धाब्याचे घर आहे, त्यांनी आतली काळोखी खोली वाद्याला द्यावी, तीत उन्हाळ्यातही तापमान फारसे वरखाली होत नाही.

नेकचा बाक मोजणे सोपे आहे. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावावा, चौथी म्हणजे जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरावी आणि आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांतील अंतर फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) पाहावे. हे गेज मोटारसायकलच्या मेकॅनिककडे असतेच, ते मागून घ्यावे. फिंगरबोर्डची गोलाई साडेनऊ इंच त्रिज्येची असेल तर ०.३० मिलिमीटर, आणि जुन्या पद्धतीची सव्वासात इंचांची असेल तर ०.३५ मिलिमीटर हे फेंडरने दिलेले माप आहे. बाक कमीजास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली बाक सांभाळणारी धातूची सळई, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये, आणि फिरवल्यावर वाद्य निदान रात्रभर तसेच ठेवून पुन्हा मोजावे. येथे एक जुन्या वळणाची अडचण आहे, ती विक्रेते सहसा सांगत नाहीत. साठच्या दशकात ट्रस रॉडचा नट नेकच्या बॉडीकडच्या टोकाला असे, त्यामुळे तो फिरवण्यासाठी तारा सैल करून नेकचे चारही स्क्रू काढावे लागत. जी नवी वाद्ये हुबेहूब नक्कल म्हणून विकली जातात, त्यांतील काहींत आजही तसेच आहे. आपल्याकडे मे आणि ऑगस्ट या दोन महिन्यांतील हवा म्हणजे दोन वेगळे देश असल्याने वर्षातून निदान दोनदा हा नट फिरवण्याची वेळ येते. तेव्हा नट डोक्याकडे असलेली नेक निवडावी. इतिहासाशी एवढी बेइमानी चालेल.

बाक झाल्यावर तारांची उंची पाहावी. ती सतराव्या फ्रेटवर मोजतात. साडेनऊ इंची गोलाईला जाड तारेखाली सुमारे २.४ आणि बारीक तारेखाली २ मिलिमीटर पुरतात. त्यानंतर ब्रिजवरील (बॉडीवर तारा जेथे अडकवतात त्या पट्टीवरील) सॅडल, म्हणजे प्रत्येक तारेखालचा टेकू, पुढेमागे करून स्वर जुळवावा. मोकळी तार आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेली तीच तार यांत ट्यूनरवर बरोबर सप्तकाचे अंतर दिसले पाहिजे. ही तीन कामे नीट झाली की आपल्याला जो ‘जुना आवाज’ हवा आहे, त्यातील बराचसा हातात आलेला असतो, आणि मग काय बदलायचे याची यादी आपोआप निम्मी होते.

आता बदलांविषयी. पहिले सहा महिने तारांशिवाय काही बदलू नये, कारण नव्या वाद्यातील कोणती खोड वाद्याची आणि कोणती आपल्या हाताची हे कळायला तेवढा काळ लागतो. त्यानंतर बदलायचेच असेल तर पिकअप बदलावीत, पण मागवण्यापूर्वी मोजावीत. जॅझ बेसची दोन पिकअप सारखी दिसतात, पण ब्रिजजवळचे नेकजवळच्यापेक्षा सुमारे तीन मिलिमीटर लांब असते, आणि काही आशियाई बेसमध्ये दोन्ही एकाच लांबीची बसवलेली असतात. अशा वेळी महागडे पिकअप हातात आल्यावर पोकळीत मोकळे हलते किंवा बसतच नाही. आणखी एक बारकावा : साठच्या दशकातील बेसवर ब्रिजकडचे पिकअप जेथे होते, तेथून ते सत्तरच्या दशकात सुमारे एक सेंटीमीटर ब्रिजकडे सरकवले गेले, आणि त्याने आवाज अधिक कडक व कोरडा झाला. आपल्याला साठचा गोलवा हवा असेल तर पोकळीची जागाच साठची असली पाहिजे. सत्तरच्या जागेवर साठचे पिकअप बसवून तो मिळत नाही.

पॉटच्या, म्हणजे नॉबखालच्या आवाज व टोन कमीजास्त करणाऱ्या भागाच्या, बाबतीत मी स्वतः फसलो आहे. उत्तम अमेरिकन मापाचे अडीचशे किलो-ओहमचे तीन पॉट मी एका बेससाठी मागवले, आणि ते आल्यावर कळले की त्यांच्या दांड्याला साडेनऊ मिलिमीटरचे भोक लागते, तर कंट्रोल प्लेटवरची भोके सात मिलिमीटरची होती. प्लेट शिकंज्यात धरून भोके वाढवताना तिचा मुलामा उडाला, नॉबही नवे घ्यावे लागले. कंट्रोल प्लेट तरी सुटी मिळते. हेच जर ट्यूनिंगच्या खुंट्यांबाबत झाले, म्हणजे जुन्या पद्धतीच्या रुंद खुंट्यांसाठी डोक्यावरची भोके वाढवायला गेलो आणि ड्रिल घसरले, तर नेकच गेली. टोनचा कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरडचा असावा. कागद आणि तेलाचा जुना कपॅसिटर हजारो रुपयांना विकणाऱ्यांच्या नादी लागू नये, त्याच मूल्याचा रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातला साधा कपॅसिटर तेच काम करतो. काढलेला प्रत्येक भाग, स्क्रूसकट, पाकिटात नाव लिहून ठेवावा. उद्या वाद्य विकायची वेळ आली तर मूळ भागांना किंमत असते.

रंगाचा प्रश्न आपण शेवटी विचारला आहे, मीही तो शेवटीच घेतो. जुन्या फेंडरवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असे, आणि सनबर्स्टखेरीज जे रंग मिळत, ते मोटारींच्या रंगांच्या डब्यांतून आलेले होते. लेक प्लॅसिड ब्लू हा कॅडिलॅकचा, फिएस्टा रेड हा फोर्ड थंडरबर्डचा रंग. आपल्याकडे गॅरेजवाले आजही ज्याला सरसकट ‘ड्यूको’ म्हणतात, ते ड्यूपाँट कंपनीच्या याच जातीच्या लॅकरचे नाव होते. तो थर पातळ असल्याने वर्षानुवर्षे हात, घाम आणि पट्टा लागून झिजतो व खालचे लाकूड दिसते. आजच्या वाद्यावरील पॉलियुरेथेनचा थर जाड आणि कठीण असतो. तो पॉलिशपेपरने घासला तर झिजल्यासारखा न दिसता खरवडल्यासारखा दिसतो, आणि कडांना पापुद्रे सुटतात. पूर्ण थर काढून नायट्रो मारून घ्यायचे म्हटले, तर ते लॅकर उन्हाळ्यात मऊ पडते आणि स्टँडच्या रबरावर वाद्य टेकवले की तेथे कायमचा डाग उमटतो. मित्राचा सल्ला मानू नये. आठवड्याला तीन कार्यक्रम करणाऱ्या माणसाच्या बेसला जुनी दिसण्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही.

प्रश्न : माझ्या जॅझ बेसमधून सतत गुणगुण येते, तारांना हात लावला की ती कमी होते. कार्यक्रमात माइकला ओठ लागले की झिणझिण्याही येतात. ब्रिजखालची वायर काढून टाकली तर झटका बसणार नाही, असे साउंडवाल्याने सांगितले. काढू का?
— एक गायक-वादक, धुळे

उत्तर : काढू नका. दोन्ही तक्रारी वेगळ्या आहेत, त्यांतील दुसरी जिवाशी खेळणारी असल्याने ती आधी घेतो.

ब्रिजखालची वायर तारांना जॅकच्या बाहेरील भागाशी, तेथून केबलच्या जाळीशी आणि पुढे ॲम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीशी जोडते. ती पेटी जमिनीशी जोडलेली असेल तर तारा सुरक्षित असतात. पण कार्यक्रमात आपण काय पाहतो? एक्स्टेन्शन बोर्डाला दोन पिनांचा प्लग, तिसरी पिन कोणीतरी पक्कडीने तोडलेली, ॲम्प एका मंडपाच्या वायरवर आणि मिक्सर जनरेटरवर. मग ॲम्पची पेटी आणि माइकची जाळी यांच्यात विजेचा दाब तयार होतो, आणि एक हात तारांवर व ओठ माइकवर ठेवणारा गायक त्यांच्यामधली वायर बनतो. झिणझिण्या ही त्याची सौम्य सूचना आहे. ब्रिजची वायर काढल्याने दोष ॲम्पमध्ये तसाच राहतो, आणि केबलच्या धातूच्या प्लगला हात लागला की तो पुन्हा भेटतो.

उपाय असा : ॲम्प, मिक्सर आणि कीबोर्ड ही सर्व उपकरणे तीन पिनांच्या प्लगने एकाच बोर्डवरून चालवावीत आणि त्या बोर्डला खरी अर्थिंग असल्याची वायरमनकडून खात्री करून घ्यावी. आपल्या भागात एप्रिल-मेमध्ये जमीन इतकी वाळते की मंगल कार्यालयातील अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घातल्याशिवाय ती कामच करत नाही, हे कार्यालयाच्या माणसाला आवर्जून विचारावे. ग्रुपने स्वतःचा एक बोर्ड करून त्यात तीस मिलिॲम्पिअरचे आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे स्विच, बसवून घ्यावे. हा खर्च एका कार्यक्रमाच्या नाश्त्याहून फार मोठा नाही. गाण्यापूर्वी माइकच्या जाळीला टेस्टर लावून पाहण्याची सवय लावून घ्यावी, दिवा लागला तर ती अडचण सुटेपर्यंत गाणे सुरू करू नये.

आता गुणगुण. जॅझ बेसचे प्रत्येक पिकअप एका कॉइलचे असते आणि एकटे असताना ते घरातील पन्नास हर्ट्झची गुणगुण पकडतेच. दोन पिकअप मात्र उलट वेटोळ्यांची आणि उलट ध्रुवांची असतात. त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवले की गुणगुण परस्परांत विरते, आणि एक जरी नॉब खाली घेतला की परत येते. प्रिसिजन बेसमध्ये १९५७ पासून एकच पिकअप दोन तुकड्यांत विभागलेले असते आणि तीच युक्ती त्याच्या आतच केलेली असते, म्हणून ती बेस शांत असते. आधी दोन्ही नॉब पूर्ण उघडून ऐकावे. तरीही हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर आपले शरीर ॲन्टेनाचे काम करते आहे आणि पोकळीला शील्डिंग (गुणगुण अडवणारे धातूचे अस्तर) हवे आहे. पिकअपच्या आणि कंट्रोलच्या पोकळीत तांब्याची चिकट पट्टी लावावी, तिचे सर्व तुकडे एकमेकांना डाग देऊन (सोल्डर करून) जोडावेत आणि एका वायरने पॉटच्या पाठीला जोडावेत. डाग देताना पॉटची पाठ आधी पॉलिशपेपरने खरवडून घ्यावी, नाहीतर कथिल गोळी होऊन घरंगळते आणि तोवर आतला कार्बनचा पट्टा भाजून निघतो. काम झाल्यावर मल्टिमीटरचे एक टोक ब्रिजला आणि दुसरे जॅकच्या बाहेरील भागाला लावावे, आकडा शून्याच्या आसपास आला पाहिजे.

प्रश्न : जुन्या गाण्यांतील बेसचा ‘धप्प’ असा आवाज फ्लॅटवाउंड (वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या) तारांनी मिळतो असे ऐकले. त्या लावल्यावर नेक वाकते का?
— एक विद्यार्थी, शहादा

उत्तर : मिळतो. मोटाऊन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमर्सन यांच्या प्रिसिजन बेसवर जाड फ्लॅटवाउंड तारा असत आणि त्या ते तुटेपर्यंत बदलत नसत, अशी त्यांची ख्याती आहे. त्या जातीचा ला बेला कंपनीचा संच ५२ ते ११० जाडीचा (हे आकडे इंचाचे सहस्रांश) येतो, तर नेहमीचा राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेला) संच ४५ ते १०५ चा असतो. म्हणजे बारीक तारेत फरक जास्त आहे आणि एकूण ताण वाढतो. नेक त्याने मोडत नाही, पण बाक वाढतो आणि ट्रस रॉड थोडा आवळावा लागतो. नटच्या (ट्रस रॉडचा नव्हे, नेकच्या डोक्याशी तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या) खाचेत ५२ ची तार अडकत असेल तर खाच रुंद करावी, खोल करू नये. एकदा खोल झाली की मोकळी तार फ्रेटवर खडखडते आणि नट बदलण्याखेरीज इलाज उरत नाही. पहिल्यांदा लावताना कमी जाडीचा, ४५ ते १०५ चाच फ्लॅटवाउंड संच घ्यावा. आणि हा खर्च करण्यापूर्वी एक स्वस्त प्रयोग करून पाहावा : भांडी घासण्याचा नवा मऊ स्पंज बोटभर रुंद कापून ब्रिजजवळ तारांखाली सरकवावा. जुन्या बेसवर ब्रिजच्या झाकणाखाली नेमका असाच फोमचा तुकडा कारखान्यातूनच येत असे.

प्रश्न : वडिलांनी १९८० च्या सुमारास घेतलेली भारतीय बनावटीची बेस माळ्यावर सापडली. तिला जॅझ बेसची नवी नेक बसेल का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : मोजून पाहा. नटपासून ब्रिजपर्यंत तारेची वाजणारी लांबी जॅझ बेसवर ३४ इंच असते. त्या काळच्या अनेक देशी बेस ३० इंचांच्या आसपासच्या असत. लांबी वेगळी असेल तर नव्या नेकचे फ्रेट जुन्या ब्रिजच्या जागेशी जुळणार नाहीत आणि वाद्य कधीच सुरात येणार नाही. तसे असेल तर मूळ नेकच ठेवावी, तिच्यावर आखूड लांबीच्या नव्या तारा लावाव्यात, खुंट्यांत शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा आणि वडिलांकडून एकदा वाजवून घ्यावी.